सील किट टाकूनही फोर्क खाली बसतोय? जड फोर्कलिफ्टमध्ये पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा तळोजा एमआयडीसीत दहा टनांच्या वरची फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या कुणालाही विचारा, ही तक्रार ठरलेली असते. माल उचलून धरला की फोर्क (माल पेलणारे पुढचे दोन दांडे) आपसूक खाली यायला लागतो. लिव्हरला कुणी हात लावलेला नसतो, बाहेर कुठे तेलाचा डागही नसतो. मिस्त्री येतो, सिलिंडर उतरवतो, सील किट (आतलं तेल अडवणाऱ्या कड्यांचा संच) बदलतो, गाडी चालू होते. आणि थोड्या दिवसांनी शेठचा फोन येतो, "मिस्त्री, किट टाकलं होतं ना तुम्ही? मग परत कसा बसायला लागला?"

किट हलकं निघालं म्हणून दुकानदाराला शिव्या घालणं सोपं असतं, आणि कधी कधी किट खरंच हलकं असतं. पण त्याच गाडीत तोच बिघाड फिरून येत असेल तर सील कशामुळे मरतंय ते शोधल्याशिवाय सुटका नाही. त्याचा पहिला धागा एका साध्या गोष्टीत असतो: कोणत्या सिलिंडरचं सील जातंय? लिफ्टचं (माल वर उचलणाऱ्या सिलिंडरचं) जात असेल तर घाण, गंज आणि रॅमवरचे, म्हणजे सिलिंडरमधून बाहेर येणाऱ्या दांड्यावरचे, ओरखडे शोधा. टिल्टचं (मास्ट, म्हणजे फोर्कचा उभा सांगाडा, पुढे-मागे झुकवणाऱ्या सिलिंडरचं) जात असेल तर गाडीला झेपत नाही असा माल उचलला जातोय का, ते आधी बघा. बरेच जण इथेच गल्लत करतात.

खाली येतोय की पुढे झुकतोय?

ऑपरेटर सांगतो, "फोर्क खाली येतोय." त्याला फोर्कचं टोक दिसतं. पण टोक दोन कारणांनी खाली येतं. एक तर लिफ्ट सिलिंडर बसतोय, नाहीतर मास्ट पुढे झुकतोय. लांब फोर्कवर मास्ट अंशभर झुकला तरी टोक बरंच खाली गेल्यासारखं वाटतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी खडू घ्या.

गाडी सपाट जागेवर उभी करा. दोन-तीन फेऱ्या मारून तेल कामाच्या तापमानाला येऊ द्या. वजन माहीत आहे असा माल जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उचला आणि खाली लाकडी स्लीपर रचा, म्हणजे काही झालंच तर माल स्लीपरवर बसेल. मालाच्या खाली किंवा मास्टच्या पुढे कुणीही उभं राहायचं नाही, हेल्परलाही लांब ठेवा. बाहेरच्या आणि आतल्या मास्टवरून आडवी खडूची एकच रेघ ओढा. टिल्ट रॅम ग्लँडपासून (सिलिंडरच्या तोंडाच्या झाकणापासून) पिनेपर्यंत किती बाहेर आहे ते टेपने मोजून लिहा. मग इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा.

रेघ तुटून दोन तुकडे खालीवर झाले तर लिफ्ट बसतोय. रेघ जागेवर आणि टिल्ट रॅमचं माप वाढलं तर टिल्ट सुटतोय. एक लक्षात ठेवा, साध्या दोन टप्प्यांच्या मास्टमध्ये साखळीमुळे फोर्क रॅमच्या दुप्पट सरकतो. आतला मास्ट ५० मिलिमीटर बसला तर फोर्क १०० मिलिमीटर खाली आलेला असतो. म्हणूनच लिफ्ट सिलिंडरवर मालाच्या दुप्पट वजन येतं. हे ठाऊक नसेल तर एक जण फोर्क मोजतो, दुसरा मास्ट, दोघांची मापं कधीच जुळत नाहीत आणि उगाच वाद होतो.

किती बसणं चालतं? शून्य कधीच मिळत नाही, कारण कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलला (तेलाची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या सरकत्या दांडीला) हलायला फट लागते आणि त्या फटीतून थोडं तेल निसटणारच. दहा टनांपर्यंतच्या गाड्यांसाठी सुरक्षा मानकातली मर्यादा आहे पूर्ण मालासह पहिल्या १० मिनिटांत १०० मिलिमीटर. त्याहून मोठ्या गाडीसाठी तिच्या मॅन्युअलमधला आकडा धरा. दहा मिनिटांत बोटभर सरकणाऱ्या गाडीचा सिलिंडर खोलायला लावणारा मिस्त्री तुमचे पैसे वाया घालवतोय.

लिफ्ट बसतोय, पण तेल निसटतंय कुठून?

वाटा दोन. पिस्टनच्या सीलमधून सिलिंडरच्या वरच्या बाजूला, नाहीतर कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलमधून टाकीकडे. सिलिंडरच्या बुडाशी असलेला सेफ्टी व्हॉल्व्ह यात काही मदत करत नाही. तो होज फुटला तर माल धाडकन पडू नये म्हणून असतो. हळूहळू निसटणारं तेल त्याला जाणवतही नाही.

काही खुणा लांबूनच ओळखता येतात. सकाळी गाडी व्यवस्थित चालते आणि दुपारी जेवणानंतर बसायला लागते, तर संशय स्पूलवर घ्या. तापलं की हायड्रॉलिक तेल पातळ होतं: व्हीजी ६८ तेल ४० अंशांना ६८ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) असतं, ७० अंशांना जेमतेम २० उरतं. म्हणजे स्पूलच्या त्याच फटीतून दुपारी सकाळच्या तिप्पट तेल सुटतं. फाटलेल्या सीलला मात्र सकाळ-दुपार जवळपास सारखीच. एका ठरावीक उंचीवरच फोर्क बसतो, वर-खाली नेला की थांबतो, असं असेल तर सिलिंडरच्या नळीत त्या जागी ओरखडा आहे. आणि लिव्हर उचलायच्या बाजूला ओढला की माल आधी जरा खाली येऊन मग वर चढत असेल, तर कंट्रोल व्हॉल्व्हमधला लोड चेक व्हॉल्व्ह (तेल उलटं येऊ न देणारा) बघा. त्याच्या सीटवर कचरा अडकला असेल किंवा स्प्रिंग तुटली असेल. या शेवटच्या तक्रारीसाठी कित्येक गाड्यांचे सिलिंडर उगाच उतरवले जातात.

पक्का निकाल हवा असेल तर लिफ्ट सिलिंडरच्या वरच्या टोकाकडून टाकीकडे जाणारा बारीक परतीचा होज शोधा. पिस्टन सीलमधून निसटलेलं तेल याच वाटेने परत जातं. माल स्लीपरच्या वर थोडा उचललेला, इंजिन बंद. हा बारीक होज सोडा आणि सिलिंडरकडच्या बाजूला पाण्याची रिकामी बाटली धरा. त्यात आधीचं साचलेलं थोडं तेल येईल, ते जाऊ द्या. नंतरही एकसारखे थेंब पडत राहिले तर पिस्टन सील गेलं. बाटली कोरडी आणि खडूची रेघ सरकतेय, तर सिलिंडरला हात लावू नका, स्पूलकडे जा. होज सोडायचा तो परतीचाच, बुडाचा प्रेशर होज माल वर असताना कधीही नाही. गळती शोधायला हातही फिरवू नका. सुईएवढ्या भोकातून दाबाने निघालेलं तेल कातडीत घुसतं, वर फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडायला लागतो. पुठ्ठा फिरवून बघा. तेल टोचलंच तर दुखत नसलं तरी त्याच वेळी दवाखाना गाठा.

स्पूलवर संशय आला तरी व्हॉल्व्ह खोलायच्या आधी लिव्हरचा लिंकेज तपासा. रॉड वाकलेला असेल किंवा मॅटखाली मातीचा थर साचलेला असेल तर लिव्हर पूर्ण मधे येत नाही आणि स्पूल किंचित उघडा राहतो. याला खर्च काही नाही, म्हणून बहुधा कुणी हे बघतही नाही. स्पूल खरंच झिजला असेल तर सीलने काही होत नाही. स्पूल त्याच्या घरात मापून बसवलेला असतो, त्यामुळे तो सेक्शनच बदलावा लागतो.

टिल्टचं सील परत परत जातंय

इथे गाडीच्या जातीचा प्रश्न येतो, आणि नवी मुंबईतल्या अर्ध्याअधिक तक्रारींचं मूळ इथेच आहे असं माझं मत आहे.

लिफ्ट सिलिंडरला माल फोर्कवर कुठे ठेवलाय याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला फक्त वजन कळतं. टिल्ट सिलिंडरला मात्र वजन गुणिले अंतर सोसावं लागतं. तेच बारा टन फोर्कच्या तोंडापासून (त्याच्या उभ्या भागापासून) लांब गेले की टिल्टवरचा ताण वाढतो. म्हणून गाडीच्या प्लेटवर नुसते टन नसतात, सोबत लोड सेंटरही (फोर्कच्या तोंडापासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर) लिहिलेला असतो. पाच टनांच्या आतल्या गाड्यांना तो साधारण ५०० मिलिमीटर, त्यावरच्या गाड्यांना ६०० मिलिमीटर. बड्या गाड्यांत ६०० पासून १२०० मिलिमीटरपर्यंत सगळे प्रकार मिळतात. "१६ टनी" म्हणून दोन गाड्या शेजारी उभ्या असतात. एक ६०० ला १६ टन उचलते, दुसरी १२०० ला. दुसरीचा काउंटरवेट, चाकांमधलं अंतर आणि टिल्ट सिलिंडर सगळंच मोठं असतं. भाड्याने देणारा पहिलीलाही "सोळा टन" म्हणतो आणि घेणाराही मान डोलावतो.

कळंबोलीचा रोजचा हिशोब घ्या. अडीच मीटर रुंद एचआर (हॉट रोल्ड) प्लेटचा बारा टनांचा गठ्ठा रुंदीने फोर्कवर घेतला तर त्याचा मध्य १२५० मिलिमीटरवर येतो. आपली गाडी १६ टनी, पण ६०० च्या लोड सेंटरची. पुढच्या ॲक्सलपासून फोर्कच्या तोंडापर्यंत ८०० मिलिमीटर अंतर धरू. १६ टन गुणिले १.४ मीटर (८०० अधिक ६०० मिलिमीटर) म्हणजे २२.४. आता अंतर झालं २.०५ मीटर. भागाकार केला की उरतात जेमतेम १०.९ टन. म्हणजे बारा टनांचा गठ्ठा "सोळा टनी" गाडीवर टनभर जास्तच आहे. हा अंदाज आहे, खरा आकडा कॅपॅसिटी प्लेटवरच्या तक्त्यात मिळेल. पण प्लेट इतक्या रंगाखाली गेलेली असते की ती वाचायला आधी पॉलिश पेपर लागतो.

मागची चाकं हलकी झाली की मागे काउंटरवेटवर दोन माणसं उभी करतात. हे तुम्हीही पाहिलं असेल. असं दृश्य जिथे रोजचं आहे तिथे टिल्टचं सील टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि त्या माणसांना आधी खाली उतरवा.

कॉइलवाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा. फोर्क काढून बूम (कॉइलच्या पोकळीत घालायचा दांडा) लावला की कॉइलचा मध्य बराच जवळ येतो. १२५० रुंदीच्या कॉइलचा मध्य तिच्या कडेपासून ६२५ मिलिमीटरवर असतो. पण बूमचं स्वतःचं वजन आणि त्याने पुढे ढकललेलं अंतर क्षमतेतून वजा होतं. बूम लावल्यावरची वेगळी प्लेट बनवणाऱ्याकडून मागून घ्यायची असते, आणि ती क्वचितच कुणी मागतो.

उरण पट्ट्यातल्या कंटेनर यार्डांत हा हिशोब आधीच केलेला असतो. वीस फुटी कंटेनर २४३८ मिलिमीटर रुंद, म्हणजे त्याचा मध्य १२१९ वर, म्हणूनच कंटेनरसाठीच्या गाड्या १२०० च्या लोड सेंटरवर मोजतात. भरलेला कंटेनर ३०.४८ टनांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून तिथे साधारण ४५ टनी रीच स्टॅकर (लांब हाताने कंटेनर उचलणारी गाडी) लागतो. रिकामे कंटेनर रचायला वेगळे, उंच मास्टचे आठ-दहा टनी हँडलर असतात. रीच स्टॅकरचा बूम बसत असेल तर वरचा सगळा खडूचा खेळ तसाच लागू होत नाही. तिथे सिलिंडरवरच लोड होल्डिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो, तो आधी तपासा.

जुनं सील फेकू नका

बहुतेक मिस्त्री ग्लँड उघडतात, सील कापून काढतात आणि कचऱ्यात टाकतात. खरं तर बिघाडाचं उत्तर त्याच सीलवर लिहिलेलं असतं. सील डिझेलने धुऊन उजेडात धरा.

ओठावर उभे बारीक चरे दिसले तर घाण किंवा ओरखडलेला रॅम. मागची कड चुरडून, कुरतडल्यासारखी फटीत ढकलली गेली असेल तर दाब जास्त, म्हणजे ओव्हरलोड. त्याच वेळी नळी झिजून फट वाढली आहे का, तेही मापा. सील कडक होऊन वाकवताच तडकत असेल तर उष्णता. फुगून मऊ झालं असेल तर तेल आणि सीलचं मटेरियल जुळत नाही. टिल्टचं सील मागून कुरतडलेलं निघालं तर वरचा लोड सेंटरचा हिशोब शेठच्या टेबलावर ठेवा. कागदावर आकडा दिसला की बोलणं पुढे सरकतं.

कडक झालेल्या सीलचं कारण अनेकदा ऑपरेटरच्या हातात असतं. फोर्क वर टेकला तरी लिव्हर ओढून धरायचा, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह किंचाळत राहतो आणि सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. मास्ट पूर्ण मागे घेऊन टिल्ट लिव्हर दाबून ठेवण्याची सवयही तशीच. ऑपरेटरला नीट समजावून सांगा, "दादा, टेकला की सोडायचा." आणि पुढच्या आठवड्यात तेलाचं तापमान परत बघा.

लिफ्टचं सील परत परत जातंय

इथे मालापेक्षा हवा आणि धूळ जास्त घातक. खाडीकडची खारी हवा, तळोज्यातल्या केमिकल पट्ट्याची आंबूस हवा, आणि चार महिन्यांचा पाऊस. रॅमवरचं हार्ड क्रोम केसाहूनही पातळ असतं. त्यात सुईच्या टोकाएवढा गंजाचा खड्डा पडला की त्याची कड सीलला प्रत्येक फेरीत तासते. हे डोळ्यांनी दिसत नाही. रॅम पुसून कोरडा करा आणि नखाची कड लांबीने आणि गोल फिरवा. नख जिथे अडकेल तिथेच सील कापलं जातंय. खड्डा बारीक आणि एखादाच असेल तर तेलदगडाने कड मारून थोडे दिवस निभावतं. खड्ड्यांची रांगच असेल तर रॅम ग्राइंडिंग करून नवीन हार्ड क्रोम, दुसरा उपाय नाही. वरून एमरी पेपर घासून चकचकीत केलेला रॅम मात्र आणखी लवकर सील खातो, कारण क्रोम आणखी पातळ होतं आणि आडवे चरे पडतात.

पार्किंगच्या वेळी लिफ्ट पूर्ण खाली असतो, म्हणून त्याचा रॅम आत झाकलेला राहतो. टिल्टचा रॅम मात्र फोर्क जमिनीला टेकवताना मास्ट पुढे केल्यामुळे उघडा राहतो. पावसाळ्यात सुट्टीच्या आधी त्याला तेलाचा हात फिरवा. नाहीतर टिल्टचं सील गंजाने गेलंय की ओव्हरलोडने, हे ओळखणं अवघड होऊन बसतं.

स्टील यार्डात गॅस कटिंगची राख आणि प्लेटवरची पापडी सगळीकडे उडत असते. टाकीचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची फिल्टरची टोपी) तुटलेला आणि त्या जागी कापडाचा बोळा कोंबलेला, हे मी सरसकट बघतो. रॅम खाली-वर झाला की टाकीतली तेलाची पातळी खाली-वर होते आणि टाकी तेवढी हवा आत ओढते, हवेबरोबर धूळ आणि पावसाळ्यात दमटपणा. तेल दुधट दिसलं तर पाणी शिरलंय. शंका असेल तर एकच थेंब तापलेल्या तव्यावर टाका, चुरचुर करून उडाला की पाणी आहे. चष्मा लावूनच करा. असं तेल गाळून चालत नाही, ते काढून टाकी पुसून नवीन भरावं लागतं. नवीन तेलही ड्रममधून थेट बादलीने ओतू नका, फिल्टर लावलेल्या पंपाने भरा, कारण सीलबंद ड्रममधलं तेलही वाटतं तितकं स्वच्छ नसतं. रिटर्न फिल्टर तुंबलेला असेल तर त्याचा बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) उघडतो आणि सगळी घाण न गाळता फिरत राहते. त्यामुळे किटसोबत रिटर्न फिल्टर बदलायचाच.

आणखी एक कारण हमखास नजरेतून सुटतं. दोन्ही लिफ्ट रॅम एकाच वेळी वर टेकत नाहीत. मास्ट पूर्ण वर नेताना शेवटी एका बाजूला झटका बसत असेल तर एक रॅम आधी टेकतोय आणि दुसरा वाकडा ओढला जातोय. रॅमच्या डोक्यावर शिम (पातळ चकत्या) टाकून दोन्ही बरोबर करतात. हे न करता टाकलेलं किट त्याच बाजूला परत जातं.

किट टाकताना

यार्डात वाऱ्यावर सिलिंडर खोलू नका. एवढं पाळलं तरी निम्मी लढाई जिंकली. नळी डिझेलने धुऊन धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, गॅरेजमधल्या सुती वेस्टने नाही. त्याचा एक धागा ओठाखाली अडकला की पहिल्या दिवसापासून गळती सुरू. नळीत बोट फिरवून ओरखडा लागला तर होनिंग (आतून बारीक घासून गुळगुळीत) करा. होनिंगनंतरचं माप मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर गेलं तर नळी बदला. सीलचा उघडा ओठ दाबाच्या बाजूला. उलटं बसलेलं सील रिकाम्या फोर्कवर चालून जातं आणि माल घेतला की सुटतं, त्यामुळे फसगत होते. कडक पॉलियुरेथेन सील कोमट तेलात ठेवून ताणा, स्क्रूड्रायव्हरने ओढू नका. आट्यांवरून सरकवताना आट्यांवर पातळ प्लास्टिक गुंडाळा.

मास्ट उघडला आहेच तर साखळी आणि फोर्कही मापून घ्या. साखळी ३ टक्के लांबली असेल तर बाद. फोर्कची टाच १० टक्के झिजली असेल तर फोर्क बदला, कारण तेवढ्या झिजेने त्याची ताकद सुमारे २० टक्के कमी झालेली असते.

सगळं जोडल्यावर हवा काढायला रिकामा मास्ट हळूहळू पूर्ण वर-खाली आणि पुढे-मागे करा, मग तेलाची पातळी बघा. त्यानंतर तोच माल, तीच खडूची रेघ, तीच दहा मिनिटं, आधी थंड तेलावर आणि मग दिवसभराच्या कामानंतर तापलेल्या तेलावर. दोन्ही आकडे तारखेसह गाडीच्या लॉगबुकात लिहा, लिफ्टचा वेगळा आणि टिल्टचा वेगळा. पुढच्या महिन्यात परत मोजल्यावर दोघांपैकी कोणता आकडा चढतोय, ते लॉगबुकातच दिसेल.